सहा माणसं, एक दोरी: वापरलेल्या वेकबोटीच्या शोधाच्या नोंदी

२ मार्च

ठरलं एकदाचं. तीन हंगाम भाड्याच्या बोटीमागे वेकबोर्डिंग करून झालं (पायाला फळी बांधून, बोटीची दोरी धरून, तिच्यामागे उठणाऱ्या लाटेवर), आता स्वतःची बोट घ्यायची. वापरलेलीच, कारण नवी आपल्या आवाक्यातली नाही. वही मी ठेवणार. नवऱ्याला बोटीवरचे पट्टे आणि स्पीकर दिसले की बाकी काही दिसत नाही, हे तो स्वतःच कबूल करतो.

रात्री सगळ्यांना एकेक मागणी सांगायला लावली. थोरला (वय १४): "मोठी लाट." धाकटी (वय ९): "छोटी लाट." आई, म्हणजे सासूबाई: "पाठ टेकून बसता आलं पाहिजे आणि चढताना कुणी मला ओढायला नको." नवरा: टॉवर (दोरी उंचावर बांधायचा सांगाडा) आणि गाणी. भाऊजी, माझे दीर, गाडीचं दुखणं आवाजावरून ओळखणारे: "वहिनी, इंजिन मी बघतो. बाकी तुम्ही ठरवा." माझी मागणी एवढीच, की सकाळी ज्या मूडमध्ये निघतो त्याच मूडमध्ये सहाही जण संध्याकाळी घरी यावेत.

भाड्याच्या बोटीवर मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. एकेक जण दोरीला पंधरा-वीस मिनिटं टिकतो, मग हात भरून येतात आणि दुसरा उतरतो. दिवसभरात माणूस पाण्यात अर्धा-पाऊण तास असतो आणि बोटीत पाच तास. जाहिरातींमधले फोटो मात्र सगळे त्या पाऊण तासाचे.

सगळ्यांची वजनं घेतली. बेरीज ३५३ किलो. काटा बिघडलाय असं आईंचं म्हणणं आहे.

६ मार्च

इंजिन कुठे बसवलंय यावरून बोटीचा सगळा स्वभाव ठरतो, हे आज नीट समजलं.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या मधोमध असतं, त्यावर मोठी पेटी. वजन मध्यावर असल्यामुळे लाट बसकी आणि सपाट उठते. पाण्यावर नागमोडी स्लालम स्कीइंग करणाऱ्याला तीच हवी असते. पण ती पेटी बसायच्या जागेच्या बरोबर छाताडावर. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन पार मागे, झोपायच्या गादीखाली, उलट्या तोंडाने बसवलेलं. गिअरबॉक्स त्याच्या पुढे, आणि तिथून शाफ्ट, म्हणजे बोट ढकलणारा पंखा फिरवणारा दांडा, वळून इंजिनाखालूनच मागे जातो. वजन मागे गेल्यामुळे लाट उंच उठते आणि मधली जागा सगळी मोकळी राहते. दोन्हींत पंखा मागच्या भिंतीच्या आत, तळाखाली असतो.

स्टर्नड्राइव्ह आणि आउटबोर्ड या दुसऱ्या जातीच्या बोटी, त्यांचा पंखा मागच्या भिंतीच्या बाहेर असतो. लांब दोरीवर वेकबोर्डिंग त्यांच्यामागेही होतं, स्वस्तही पडतं. पण थोरल्याला पुढेमागे वेकसर्फिंग करायचंय. त्यात माणूस बोटीच्या पाठीला चिकटून, तीनेक मीटरवर असतो. पंखा बाहेर असलेल्या बोटीमागे ते करायचं नसतं. व्होल्व्हो पेंटाने २०१५ पासून पंखा पुढच्या बाजूला वळवलेली रचना आणली, ती चालते, पण तशी जुनी बोट आपल्याला कुठे सापडायला.

म्हणजे व्ही-ड्राइव्ह. आई आणि थोरला यांचं एकाच गोष्टीवर एकमत होण्याचा हा बहुधा पहिला प्रसंग.

९ मार्च

नवऱ्याने एका २३ फुटी बोटीची जाहिरात पाठवली. मी आकडेमोड करून परत पाठवली.

आपली गाडी ब्रेकवाला ट्रेलर २५०० किलोपर्यंत ओढू शकते. २१ फुटी बोट नुसती १६०० किलोच्या आसपास. दोन चाकी-आसांचा ट्रेलर ५५०. पेट्रोल १४० लिटर म्हणजे साधारण १०४ किलो. बोर्ड, जॅकेटं, नांगर, दोऱ्या, हत्यारं मिळून १२०. एकूण २३७४. शिल्लक १२६ किलो. २३ फुटी बोट एकटीच दोन हजारांच्या घरात जाते, म्हणजे ती रस्त्यावर आणायला आधी गाडी बदलावी लागेल. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यायला हवा, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवतो. आपल्या हुकची मर्यादा २५०. काठावर पास.

नवऱ्याचं उत्तर: "बरं."

१५ मार्च

पहिली बोट: लाल पट्ट्यांची. डायरेक्ट ड्राइव्ह आहे हे माहीत असून गेलो, हात साफ करायला.

बोट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली, टॉवर मागाहून बसवलेला. इथे थोडा इतिहास कामाला येतो. टोनी फिनने १९८५ मध्ये स्कर्फर नावाची फळी आणली, तेव्हा लोक स्कीइंगच्या बोटीमागेच उभे राहायचे, दोरी खाली बोटीतल्या खांबाला. हर्ब ओब्रायनची पाण्यात सहज दबणारी हायपरलाइट १९९० मधली. कारखान्यातूनच टॉवर घेऊन आलेली पहिली बोट १९९७ ची, करेक्ट क्राफ्टची सुपर एअर नॉटिक. दोरी माणसाच्या डोक्याच्या वर बांधली की उडी मारणाऱ्याला ती खाली खेचत नाही, म्हणून सगळ्यांनी ते उचललं. त्याच्या आधीच्या बोटीवर टॉवर दिसला की तो कुणीतरी नंतर भोक पाडून बसवलेला असतो, आणि ते भोक कसं पाडलंय ते खालून बघायचं असतं.

मी गादी उचलून आत हात घातला. टॉवरच्या चारही पायांखाली नुसते वॉशर. ताण पसरवायला खाली जाड पट्टी हवी, ती नाही. वरून बघितलं तर प्रत्येक बोल्टभोवती जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, चिरा, उन्हात सुकलेल्या चिखलासारख्या. जेलकोटला बारीक जाळी पडणं वेगळं, ते बहुतेक वरवरचं असतं. बोल्टपासून फुटलेल्या चिरा वेगळ्या.

तेवढ्यात भाऊजी इंजिन सुरू करून खूश. "वहिनी, काय ठोका आहे बघा!" इंजिन खरंच छान होतं. मी त्यांना पाना देऊन म्हटलं, इंजिन ज्यावर बसलंय ते स्क्रू आवळून बघा. त्यांनी पाना लावला. स्क्रू फिरला. फिरतच राहिला. शेवटी त्यांनी पाना खाली ठेवला आणि दोन बोटांनी फिरवून दाखवला. बाहेर काढला तेव्हा आट्यांमध्ये काळा ओला भुगा भरलेला, चहूकडे कुबट वास.

बोटीच्या तळाला आतून लांबीला धरून कणे असतात, स्ट्रिंगर. त्यांच्यावर इंजिन बसतं. जुन्या बोटींत ते फायबरग्लासमध्ये गुंडाळलेल्या लाकडाचे असायचे. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून रंग तसाच. दुरुस्ती म्हणजे इंजिन काढा, फरशी कापा, कणा बदला. मग बोटीत जुनं उरतं काय?

मालकाला खरंच माहीत नव्हतं असं वाटलं. तो त्या भुग्याकडे आमच्यापेक्षा जास्त वेळ बघत होता.

१६ मार्च

थोरला रुसलाय. "इंजिन चांगलं होतं ना पण!" धाकटीने प्लास्टिकचा हातोडा घेऊन घरातल्या सगळ्या फळ्या ठोकून बघितल्या. भरीव आणि पोकळ आवाज तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. पुढच्या बोटीवर ठोकायचं काम तिचं.

२२ मार्च

चार मालकांशी फोन. दोन प्रश्नांतच बरंच कळतं. पहिला: "बोट कधी खाऱ्या पाण्यात गेली होती का?" बहुतेक वेकबोटींचं इंजिन बाहेरचंच पाणी आत घेऊन थंड होतं. खारं पाणी आतून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खातं आणि वरून काही दिसत नाही. दुसरा: "पाणी गोठेल अशा थंडीत बोट कशी ठेवली होती?" ब्लॉकमधलं पाणी काढून टाकलं नाही तर ते गोठून फुगतं आणि बिडाला तडा जातो. "काही करावं लागत नाही" असं एकाने सांगितलं, त्याला यादीतून काढलं. एकाने पाणी काढायला कोणते प्लग काढतो ते क्रमाने, न थांबता सांगितलं. त्याची बोट निळी.

त्या निळ्या बोटीच्या जाहिरातीत २००६ चं मॉडेल लिहिलंय. मी मागच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातल्या क्रमांकाचा फोटो मागवला. अमेरिकी बोटींवर तो बारा अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, शेवटची चार तारखेची. इथे शेवटी होतं एच४०५. एच हे आठवं अक्षर, म्हणजे ऑगस्ट. ४ म्हणजे २००४. शेवटचं ०५ म्हणजे मॉडेल २००५ चं. फोन करून विचारलं तर म्हणाला, "मी २००६ ला घेतली म्हणून तसं लिहिलं," आणि दहा मिनिटांत जाहिरात दुरुस्त केली. त्या दुरुस्तीमुळे माझा विश्वास वाढला, हे नवऱ्याला विचित्र वाटतं.

३० मार्च

दुसरी बोट: पांढरी. आरशासारखी. इतकी वर्षं होऊन फक्त १९० तास. नवरा पाच मिनिटांत प्रेमात.

कमी तासांचं मला तेवढं कौतुक नाही. उभी राहिलेली बोट खराब होत असते: रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राच्या, म्हणजे इम्पेलरच्या, पात्या एकाच बाजूला वाकून तशाच राहतात. पण गाद्या झकास होत्या, आई बसूनही बघून आल्या. धाकटीने फरशी पुढून मागपर्यंत ठोकली आणि "सगळं भरीव" असा निकाल दिला. मीही मनातून जवळजवळ हो म्हटलं होतं.

भाऊजी इंजिनाच्या खोलीत डोकं घालून म्हणाले, "अरे वा, अल्टरनेटर नवा आहे. हा तर कारचा. बरं झालं, कुठेही मिळेल." मी टॉर्च धरून आत वाकले. कंपनीचं लेबल होतं, पण बोटीच्या विजेच्या सामानावर जी खूण असावी लागते, एसएई जे११७१, ती नव्हती. स्टार्टरवरही नव्हती.

भाऊजींना तिथेच सांगितलं. कारच्या इंजिनाखाली मोकळी हवा असते, पेट्रोल गळलं तर वाफ उडून जाते. बोटीचं पोट म्हणजे बंद परात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच तळाशी साचून बसते. म्हणून इनबोर्ड, म्हणजे इंजिन पोटात असलेली, बोट सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा असतो, आणि म्हणूनच बोटीचा अल्टरनेटर आणि स्टार्टर असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही. कारच्या सुट्या भागात ती सोय नसते. दिसायला दोन्ही सारखे, बसतातही त्याच बोल्टवर.

मालक म्हणाला, "तीन वर्षं चालतंय, काही झालं नाही."

भाऊजी हात पुसत म्हणाले, "काही झालं असतं तर सांगायला कोण असतं?"

दोन सुटे भाग बदलणं मोठं काम नाही, हे मान्य. पण ज्याने हे बसवलं त्याने पेट्रोलच्या नळ्या कशा जोडल्या असतील, वायरिंगमध्ये काय केलं असेल, हे एकेक उघडून बघायची माझी तयारी नाही. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. भाऊजी मधेच म्हणाले, "मी तो चांगला म्हणालो होतो."

१ एप्रिल

कालपासून कार्बन मोनॉक्साइडबद्दल, इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूबद्दल, वाचतेय. ना वास, ना रंग. सावकाश चालणाऱ्या बोटीच्या मागच्या भिंतीपाशी हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर उलटा बोटीत ओढला जातो. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलपासून इनबोर्ड इंजिनांना हा वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. आपण बघतोय त्या बोटी त्याच्या आधीच्या.

घरातला नियम आजच लिहून टाकला: मागच्या फळीवर किंवा शिडीवर कुणीही असेल तर इंजिन बंद. "चालूच राहू दे, लगेच चढते" चालणार नाही. फळीला धरून ओढत जाणं तर कधीच नाही. गॅस ओळखणारा डिटेक्टर बोटीबरोबर आला नाही तर पहिली खरेदी तीच.

१२ एप्रिल

निळी बोट, जमिनीवर. पूर्ण चार तास.

मालक निवृत्त झालेले गृहस्थ. मुलं मोठी होऊन पांगली म्हणून विकताहेत. त्यांची नोंदवही माझ्या वहीपेक्षा जाड. मला जरा कमीपणा वाटला.

गाद्यांची शिवण दोन ठिकाणी उसवलेली, चालकाच्या सीटचा फोम बसलेला. पांढरीच्या मानाने ही बोट थकलेली दिसते. नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण ठोकणाऱ्या बाईंनी फरशी पास केली. या बोटीत लाकूड नाहीच, कणे फायबरग्लासचे. इंजिनाचे स्क्रू भाऊजींनी न सांगता स्वतःहून आवळून बघितले. एकही हलला नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे आठही सिलिंडर किती दाब धरतात ते: इंजिन नळीने पाणी देऊन गरम केलं (कोरडं सुरू केलं तर इम्पेलर काही क्षणांत जळतो), सगळे स्पार्क प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला. ५.७ लिटरचं व्ही-आठ. पीएसआयमध्ये आकडे असे: १६५, १७०, १६०, १६८, १७०, १६२, १६५, १५८. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात सात टक्क्यांचा फरक. आकडा किती मोठा यापेक्षा आठही जण एकमेकांच्या जवळ आहेत की नाही हे बघायचं असतं. एक जरी वेगळा पडला तरी थांबायचं. तेलाच्या काडीवर दुधाळ काही नाही, म्हणजे तेलात पाणी नाही.

डॅशबोर्डवर ५४० तास. भाऊजींच्या ओळखीतल्या एकाने लॅपटॉप लावून इंजिनाच्या संगणकातले तास काढले: ५४८. मीटर खोटं बोलत नाही. शिवाय त्यात कोणत्या वेगाला इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. बहुतेक वेळ मधल्या फेऱ्यांवर, ४५०० च्या वर जेमतेम काही तास. म्हणजे ही बोट माणसं ओढायलाच वापरली गेलीय.

खाली वाकून पंखा हाताने फिरवला, शाफ्ट वर-खाली हलवला. बेअरिंगच्या रबरात किंचित खेळ. पंख्याच्या एका पातीला बोटाच्या पेराएवढा मार. वहीत लिहिलं.

ट्रेलरची टायरं बघायला नवऱ्याला पाठवलं. "नक्षी नवी कोरी आहे." मग त्याला बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले: २३१२. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरची टायरं झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारी होतात.

१३ एप्रिल

आपल्याला कळतं तेवढं बघून झालं. व्यवहाराआधी एक तपासनीस बोलावणार आहोत, मालकाने सुचवलेला नको. आम्हाला आधीपासूनच ती बोट आवडलीय, त्याला नसावी.

१९ एप्रिल

निळी, पाण्यात. तपासनीस, मालक आणि आम्ही सहा. सगळे आलेच पाहिजेत असा माझा हट्ट होता. रिकामी बोट कशी चालते हे बघून आपल्याला काय करायचंय?

पोचल्या पोचल्या भाऊजींनी इंजिनावर हात ठेवला. थंड. मालकाने आधी गरम करून ठेवलं असतं तर थंड सुरुवातीची खोड कळली नसती. ब्लोअर चार मिनिटं, मग किल्ली. दुसऱ्या फिरकीला सुरू. पाणी एक्झॉस्टमधून लगेच पडायला लागलं. तापमान चढत जाऊन ७२ अंशांवर थांबलं आणि दिवसभर तिथेच राहिलं.

धक्क्यावरून बाहेर काढताना मालकाने सुकाणू माझ्याकडे दिलं आणि माझी फजिती झाली. इनबोर्डला मागे जाताना सुकाणू जवळजवळ ऐकतच नाही, पंखा ज्या बाजूला ढकलेल तिकडे शेपूट जाते. इथला पंखा डावखुरा, त्यामुळे मागे घेताना मागचा भाग उजवीकडे सरकतो. मी डावीकडे वळवत बसले आणि बोट आपल्या मर्जीने उजवीकडे. "तिच्याशी भांडू नका," मालक म्हणाले, "उजवी बाजू धक्क्याला लावायची सवय करा, ती स्वतःच येऊन चिकटेल." तिसऱ्या खेपेला खरंच चिकटली.

मग बॅलास्ट, म्हणजे लाट वाढवायला बोटीत भरायचं पाणी. तीन टाक्या, प्रत्येकी दीडशे लिटर, म्हणजे भरल्या की ४५० किलो पाणी. दोन भरल्या, डावी मागची भरेना. पंप गुरगुरतोय, पाणी नाही. पंपात हवा अडकली होती. मालकाने बोट क्षणभर मागे घेतली, बुडबुडे निघाले आणि टाकी भरायला लागली. पंपाचं रबर थकलंय असं तपासनीसाने लिहिलं.

थोरल्याला तीनही टाक्या भरून हव्या होत्या. सुकाणूशेजारच्या क्षमतेच्या पट्टीवर माणसं आणि सामान मिळून ७७० किलो लिहिलंय, आणि या बोटीच्या मॅन्युअलमध्ये बॅलास्टचं पाणीही त्यातच धरायला सांगितलंय. आमचे ३५३, सामानाचे ६०. उरले ३५७. म्हणजे सगळे घरचे बोटीत असताना मागच्या दोनच टाक्या. "आजीला काठावर ठेवलं तर तिसरी भरेल का?" असं त्याने विचारलं, आणि आईंनी ते ऐकलं.

(आज मालक आणि तपासनीस धरून आठ जण होतो. म्हणून पाणी भरून बघताना मी, आई आणि धाकटी काठावर उतरलो होतो. ते खरं तर मलाही काठावरच सुचलं.)

थोरला २० मीटर दोरीवर, ताशी ३५ किलोमीटर. वेग धरून ठेवणारं यंत्र जुन्या पद्धतीचं, तळाखालच्या छोट्या चाकावरून वेग मोजणारं. फोनच्या जीपीएसशी ताडून बघितलं तर ते दोन किलोमीटर जास्त दाखवतं. पाणवेल अडकली की आणखी खोटं बोलेल. नवीन यंत्रं जीपीएसवर चालतात, ते पुढे कधीतरी.

धाकटीसाठी टाक्या रिकाम्या केल्या, दोरी १४ मीटर, वेग २६. रिकाम्या बोटीची लाट मऊ आणि बसकी निघाली. तीन वेळा पाणी प्यायली, चौथ्या वेळी उभी राहिली. एकाच बोटीतून मोठी लाट आणि छोटी लाट, दोन्ही मागण्या पंपाच्या बटणावर. हे मला कागदावर कळलं होतं, डोळ्यांनी आज बघितलं.

पूर्ण वेगात एकदा पळवली. इंजिनाच्या फेऱ्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत, पण पायांखाली बारीक थरथर. मग परत येऊन इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून गरमच पुन्हा सुरू. झालं. पोटात उतरून बघितलं: शाफ्टच्या सीलमधून थेंब थेंब पाणी, तेवढं तिथे असतंच.

आई बसल्या होत्या डावीकडच्या लांब सीटवर, पाठ टेकून. चढताना मागच्या फळीवरून दोन पायऱ्या, मधे धरायला टॉवरचा पाय. कुणी ओढलं नाही.

२४ एप्रिल

तपासनीसाचा अहवाल आला. तळ कोरडा, कणे कोरडे. दुरुस्तीच्या यादीत शाफ्टची जुळणी, बेअरिंग, पंखा, डावा पंप, टायरं आणि दोन गाद्या. यादी मालकासमोर ठेवली. घासाघीस फारशी झालीच नाही, त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "हे बरोबर," "हे बरोबर" म्हटलं आणि तेवढं कमी केलं. टायरांवर मात्र अडले. नक्षी नवी आहे म्हणाले. नवऱ्याने त्यांना तेविसावा आठवडा समजावून सांगितला, जणू जन्मापासून माहीत होता.

घेतली.

२ मे

इम्पेलर दरवर्षी बदलायचा असतो, म्हणून पहिलं काम ते. मालकाच्या वहीत मागच्या वर्षीची नोंद आहेच. पंप उघडला तर सहा पात्यांपैकी तीन तुटलेल्या. बोट दिवसभर ७२ अंशांवर कशी राहिली कुणास ठाऊक.

पात्या विरघळत नाहीत, कुठेतरी अडकून बसलेल्या असतात. पाण्याच्या वाटेने मागोवा घेतला. आधी तळातून पाणी आत येतं, मग गिअरच्या तेलाचा कूलर, मग पंप, मग इंजिन. कूलर पंपाच्या आधी, तिथे मूठभर शेवाळ निघालं, पाती नाही. दोन तुकडे पंपाच्या पुढच्या नळीच्या वळणात. तिसरा सापडेना. भाऊजी दोन तास एकेक नळी काढून फुंकर मारत होते. शेवटी थर्मोस्टॅटच्या घरात, नखाएवढा काळा तुकडा. तो त्यांनी खिशात घातला. का, ते विचारलं नाही.

९ मे

शाफ्टची जुळणी बोट पाण्यात ठेवून केली, कारण ट्रेलरवर तळ किंचित वेगळा बसतो. दोन जोडपट्ट्यांच्या मधे चहूबाजूंनी ०.०८ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको, इथे एका बाजूला त्याच्या चौपट. इंजिनाचे पाय वर-खाली करून आणलं. बेअरिंग नवं, पंखा दुरुस्त होऊन आला. थरथर गेली. टायरं, पंप झाले. गाद्या राहिल्या.

१६ मे

पहिला पूर्ण दिवस. डिटेक्टर लावला, इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या मनगटाला, मागे बघायला कायम एक जण. रबरी ट्यूब टॉवरला बांधायची नाही हे थोरल्याला तिसऱ्यांदा सांगितलं. ट्यूब पाण्यात नाक खुपसते तेव्हाचा झटका टॉवरसाठी नसतोच.

दुपारी थोरला दोरीवर असताना हात हलवून ओरडायला लागला. उजवी लाट स्वच्छ, डावी नुसता फेस. बोट उजवीकडे कललेली: सुकाणूवर मी उजवीकडे, भाऊजी माझ्या मागे उजवीकडे, आणि आईही आज सावलीसाठी तिकडेच येऊन बसलेल्या. आईंनी उशी उचलली, पलीकडे जाऊन बसल्या. डावी लाट सुधारली. त्याने अंगठा दाखवला, उडी घेतली, पडला.

तो परत दोरी धरेपर्यंत भाऊजींना वाटलं आपणही मदत करावी. तेही डावीकडे गेले.

"आजी!" पाण्यातून आवाज आला. "परत उजवीकडे!"

"आधी याला उठव," आई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.